पाक अजून काहिलीत आहे

श्रावण-भाद्रपदाच्या सांध्यावरची ओली सकाळ, पात्राकडे परतू लागलेले पंचगंगेचे गढूळ पाणी, आणि हातात जास्वंदीचे, मोगऱ्याचे फूल सांभाळत शाळेकडे निघालेली मुले. ५ सप्टेंबर आपल्या कोल्हापुरात असा उजाडतो. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांची ही जयंती आपण शिक्षक दिन म्हणून साजरी करतो. पण आपल्या जिल्ह्याला या तारखेचे आणखी एक अगत्य असायला हवे. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत १९०७ साली याच दिवशी शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक जन्मले. आणि ११० वर्षांनी, २०१७ मध्ये, याच दिवशी 'दीक्षा' हे डिजिटल व्यासपीठ देशातल्या शिक्षकांसाठी खुले झाले.

हे दोन धागे आपण एकत्र धरून पाहिले पाहिजेत. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत राबलेले नाईक पुढे देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. १९६६ मध्ये सादर झालेल्या आयोगाच्या अहवालाने मूल्यमापन ही अखंड चालणारी प्रक्रिया मानली. वर्षाअखेरच्या लेखी परीक्षेत न मावणारे विद्यार्थ्याचे स्वभाव, आवडी, वृत्ती हेही पाहावे, आणि ते आकड्यांबरोबर शब्दांतही नोंदवावे, असे त्यात सुचवले होते. समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा मेळ हा तर नाईकांच्या आयुष्यभराच्या चिंतनाचा विषय. आज ऑनलाइन अभ्यासक्रमांनी संख्येचा प्रश्न पुष्कळसा हलका केला आहे. 'स्वयम्' हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ २०१७ मध्येच सुरू झाले, 'निष्ठा' हे शिक्षक प्रशिक्षण २०२० मध्ये 'दीक्षा'वर आले, आणि शिवाजी विद्यापीठाचे दूरशिक्षण व ऑनलाइन शिक्षण केंद्र नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकू पाहणाऱ्यांसाठी काम करते आहे. चंदगडच्या वाडीवरची सून घरकाम उरकून रात्री पदवीचा अभ्यास करू शकते, हे आपल्या पिढीचे मोठे भाग्य. गुणवत्तेचा प्रश्न मात्र तसाच समोर उभा आहे.

वर्गात शिक्षकाला मुलांचे डोळे दिसतात. मागच्या बाकावरची कपाळाची आठी पाहून तो थांबतो, फळा पुसतो, तेच नव्या उदाहरणाने सांगतो. पडद्याआड ती आठी दिसत नाही. उरते ती 'पूर्ण' अशी हिरवी खूण, शेवटची बहुपर्यायी चाचणी, आणि प्रमाणपत्र हाती पडण्याआधी घाईघाईने भरलेला पाच ताऱ्यांचा अभिप्राय. सत्रांत परीक्षेला ७० आणि अंतर्गत मूल्यमापनाला ३० गुण अशी वाटणी आपल्याकडे रुळली आहे. त्या ३० गुणांतच खरे तर वर्गातले डोळे परत मिळवण्याची जागा आहे. आपण ती बहुधा आणखी चार बहुपर्यायी प्रश्नांनी भरून टाकतो.

आपल्या गुऱ्हाळावरचा गुळव्या याहून शहाणा आहे. रस काहिलीत चढला की तो मळी काढतो, फेसाचा रंग पाहतो, बुडबुड्यांचा आवाज ऐकतो, आणि पाक होत आला की त्याचा थेंब थंड पाण्यात सोडून बोटांनी गोळी वळते का ते बघतो. एका खुणेवर तो कधी विसंबत नाही. आणि जे कळले ते तो मनात ठेवत नाही. चुलवाणात चिपाडे सारणाऱ्याला लगेच हाक जाते, जाळ कमी होतो किंवा वाढतो. रवा थिजल्यावर त्याची प्रत ठरवणे हे अडत्याचे काम. गुळव्याची पारख पाक काहिलीत असतानाच चालते.

ऑनलाइन अभ्यासक्रमाचीही पारख अशीच, चालत्या सत्रात आणि अनेक अंगांनी व्हायला हवी. पहिल्या घटकानंतरच विचारावे : नेमके कुठे अडले? ध्वनिचित्रफीत बहुतेकजण कोणत्या मिनिटाला सोडून गेले, हे यंत्र नोंदवू शकते. का सोडून गेले, हे फोनवरच्या दोन मिनिटांच्या बोलण्यातूनच उमगते. एखादा छोटा प्रकल्प गावातलाच असावा : पाणीपट्टीचा हिशेब, दूध संस्थेची नोंदवही, आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्यांचे संकलन. विद्यार्थ्यांनी एकमेकांचे लेखन निकष समोर ठेवून वाचावे. अर्धवट सोडून गेलेल्यांना तर आवर्जून विचारावे, कारण टिकून राहिलेल्यांच्या समाधानात त्यांचे कारण सापडणार नाही. कुणाला भाषा जड गेली असेल, कुणाला गगनबावड्याच्या घाटात रेंजच मिळाली नसेल. दोघांच्या अडचणीवरचे उपाय वेगळे आहेत.

आणि मग बदल करावा. अभिप्राय मागून तो फाइलमध्ये मिटून ठेवणे हा विद्यार्थ्याच्या विश्वासाचा अवमान आहे. 'तुम्ही सांगितलेत म्हणून तिसरा घटक आम्ही पुन्हा चित्रित केला', एवढे एक वाक्य शिक्षकाने पुढच्या आठवड्यात लिहिले, की विद्यार्थी त्यापुढे खरे बोलू लागतो. हे कष्टाचे काम आहे आणि ते एकट्या शिक्षकावर टाकून चालणार नाही. संस्थांनी त्यासाठी त्याच्या वेळापत्रकात तास राखून ठेवले पाहिजेत.

दसरा झाला की करवीरची गुऱ्हाळे पुन्हा पेटतील. त्याआधी, आजच्या दिवशी, आपल्यापैकी जे पडद्यावरून शिकवतात त्यांनी चालू सत्रातल्या विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा. आणि जे शिकतात त्यांनी गुरुजनांना शुभेच्छांच्या फुलासोबत, काय समजले नाही ते सांगणारी एक खरी ओळ पाठवावी.