गरम पाण्याचं गणित

डिसेंबर उजाडला की जुळे सोलापूर, विजापूर रोड, अशोक चौक, कुठल्याही रूमवर जा, सकाळी भांडण एकच. "काका, पाणी गार येतंय!" आणि घरमालक काकांचं ठरलेलं उत्तर, "तुमच्या वयात आम्ही विहिरीवर आंघोळ करायचो." झाली तक्रार निकालात!

माझ्या मते हा प्रश्न संस्कारांचा नाही, युनिटचा आहे. आपण इंजिनिअर होणार ना? मग मांडा हिशेब. आठ जण, प्रत्येकी २० लिटरची एक बादली, पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायचं. म्हणजे ३२०० किलोकॅलरी, जवळपास पावणेचार युनिट वीज. गीझर २ किलोवॅटचा. काका साडेसहाला बटण दाबणार, साडेसातला बंद करणार. तासाभरात २ युनिट, म्हणजे फार तर चार बादल्या. उरलेले चौघे काय करणार? गीझर बिघडलेलाच नाही, मेकॅनिक बोलावून उपयोग काय!

उरलेले चौघे मग रॉड आणतात. एक्स्टेन्शन बोर्ड, ओली फरशी, आणि पाणी तापलं का ते बघायला चालू रॉड असलेल्या बादलीत घातलेलं बोट. शॉक लागून जीव जायला एवढं पुरतं.

काकांचीही बाजू आहे. पूर्ण पाणी द्यायचं तर महिन्याला एकशे दहा युनिट लागतात. पण भाडं कॉटप्रमाणे आठ जणांचं घेता, तर पाणी चौघांचं कसं? गीझरला सब-मीटर लावा, बिल आम्ही वाटून भरू. नाहीतर गच्चीवर १०० लिटरचा सोलर बसवा. सोलापुरात उन्हाला काय तोटा! ६० अंशांच्या १०० लिटरमध्ये गार पाणी मिसळलं की २०० लिटर होतं. फक्त वरची गार पाण्याची टाकी भरलेली हवी, ती रिकामी तर सोलरचं गरम पाणीही येत नाही. आणि नळाला रोज पाणी येण्याची सवय या गावाला कुठंय? बोअरचं पाणी वापरलं तर नळ्यांत क्षार बसतात, ते वेगळंच.

कायद्याचं म्हणाल, तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ पाणी आणि वीज तोडू देत नाही, पण त्यात गरम पाण्याचं नाव नाही. कलम ५५ मात्र करार लेखी आणि नोंदणीकृत हवा असं सांगतं, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतं. गीझर किती वाजता सुरू, किती वेळ, किती जणांसाठी, बिल कोणाचं, हे त्या करारात डिपॉझिट देण्याआधीच घालून घ्या. डिपॉझिट दिल्यावर काका पुन्हा विहिरीवर जातात.