लिंक कोणाच्या गावी गेली?

‘लिंक गेली आहे’ हे वाक्य बँका, टपाल कचेऱ्या आणि तहसील कचेऱ्यांच्या खिडक्यांवरून कायद्याने हद्दपार करावे, अशी माझी जाहीर मागणी आहे. मी स्वतः एका नागरी सहकारी बँकेत क्लार्क असून हे वाक्य आठवड्यातून सरासरी दोनदा उच्चारतो. त्यामुळे या मागणीत माझाच तोटा अधिक, हे सुज्ञ वाचकांनी ध्यानात घ्यावे.

माझा राग या वाक्याच्या व्याकरणावर आहे. पाऊस गेला, पीक गेले, लिंक गेली! जणू लिंक ही कोणाची तरी सून आहे आणि रुसून माहेरी निघून गेली आहे. कोणी हाकलली, कोणी छळली, काही पत्ता नाही. ‘कंत्राटदाराने तार नीट बसवली नाही’ किंवा ‘डबा कोणी बसवला ते आम्ही लिहून ठेवले नाही’ असे म्हटले की कर्ता सापडतो, आणि कर्ता सापडला की मेमो निघतो. म्हणून लिंक आपली आपणच जाते.

वास्तविक ती आपणहून कधीच जात नाही. तार सैल असते, विजेचा खटका पडलेला असतो, रस्ता खोदणाऱ्याने केबल तोडलेली असते, दोन यंत्रांना एकच पत्ता दिलेला असतो, किंवा कोणीतरी कुठला तरी नियम बदललेला असतो. या ‘कोणीतरी’चा छडा लावणे एवढेच काम असते, आणि नेमके तेच आपल्याला नको असते.

आमच्या शाखेत ही सगळी व्यवस्था रेकॉर्ड रूममध्ये, स्टेशनरीच्या कपाटामागे राहते. एक राउटर आणि एक फायरवॉल. राउटर म्हणजे टपाल खात्यातला सॉर्टर. कुठले पाकीट कुठल्या वाटेने धाडायचे ते ठरवणारा. फायरवॉल म्हणजे दारावरचा रखवालदार. हातातल्या यादीप्रमाणे कोणाला सोडायचे, कोणाला अडवायचे ते बघणारा. दोघेही बिचारे बोलत नाहीत, चहा मागत नाहीत, रजा मागत नाहीत. म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही. अपवाद खंडेनवमीचा. त्या दिवशी दोघांना हळदकुंकू लागते आणि झेंडूची जाड माळ पडते, तीही बरोबर हवा जाण्याच्या झडपांवर. मग दसऱ्यानंतर डबा तापून बंद पडला की आम्ही म्हणतो, लिंक गेली.

यावर सर्वमान्य उपाय एकच : बंद करून चालू करा. साहेब हेच सांगतात, कंत्राटदाराचा पोरगा फोनवर हेच सांगतो, आणि शिपाई तर विचारायच्या आधीच खटका दाबून आलेला असतो. या उपायाने कधी कधी गुण येतो, हेच त्याचे दुर्दैव. कारण बऱ्याच लहान राउटरांत दिवसभराच्या घडामोडींची नोंद तात्पुरत्या स्मरणात असते. वीज काढली की नोंद पुसली. म्हणजे पंचनाम्याआधीच प्रेत हलवायचे आणि वर ‘मृत्यू कशाने झाला कोण जाणे’ म्हणून उसासा टाकायचा!

आता या उसाशाची किंमत सांगतो. मागे एकदा आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये वायफाय हवे म्हणून कंत्राटदाराच्या माणसाने एक छोटा डबा आणून भिंतीतल्या जोडणीत खुपसला आणि तो निघून गेला. सकाळी संगणक उघडले की प्रत्येक जण ओरडून विचारतो, ‘माझा पत्ता काय?’ हे पत्ते वाटण्याचे काम आमच्या मोठ्या राउटरचे. नवा डबाही त्याच विद्येत पारंगत निघाला आणि तोही पत्ते वाटू लागला. आमचे पत्ते १० ने सुरू होणारे, त्याचे १९२.१६८ ने. दोन्ही खासगी वापरासाठी १९९६ सालीच राखून ठेवलेले, दोन्ही खानदानी. पण एकाच वाड्यात दोन घरमालक भाडेकरूंना खोल्या वाटू लागल्यावर जे होते तेच झाले. ज्याला चुकीच्या डब्याचे उत्तर आधी मिळाले, त्याचा मुख्य कचेरीशी संबंध तुटला.

त्या दिवशी एक आजी यजमानांच्या शस्त्रक्रियेसाठी चाळीस हजारांची ठेव मोडायला आल्या होत्या. ठेव मोडताना एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजुरी द्यायची. नोंद करणारा चालू असला की मंजुरीवाला बंद. मंजुरीवाला चालू झाला की नोंद करणारा बंद. आम्ही मोठा राउटर चार वेळा बंद करून चालू केला. तो बंद असेपर्यंत छोटा डबा मोकळ्या मैदानात एकटाच पत्ते वाटत सुटे! म्हणजे दर औषधागणिक रोग वाढत होता. आजी साडेदहा ते अडीच बाकावर बसून होत्या. मध्ये एकदा मला म्हणाल्या, ‘‘बाळा, पूर्वी तुमच्याकडे मोठ्या वह्या होत्या, तेच बरं होतं. वही कुठे जात नसे.’’

मला यंत्रातले काही कळत नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. पण आजींच्या त्या वाक्यात सगळे आले. ‘आपल्या संगणकाचा पत्ता १० ने सुरू झाला पाहिजे, नसेल तर दुसरा डबा शोधा’ एवढे एका कागदावर लिहून कपाटावर चिकटवलेले असते, तर चार तासांचे काम चार मिनिटांत झाले असते. तो कागद नव्हता. माहिती होती ती कंत्राटदाराच्या डोक्यात, आणि कंत्राटदार होता लग्नाला, शिर्डीला.

आता बँकेचा दुसरा चेहरा बघा. स्ट्राँग रूमला दोन किल्ल्या, दोन अधिकाऱ्यांकडे. किल्ली कोणी कोणाला दिली याची वही. जोडकिल्ल्यांचा संच लाखबंद करून दुसरीकडे. पाच रुपये खर्ची टाकायचे तर व्हाऊचर, त्यावर दोन सह्या. आणि ज्या दारातून सगळ्या खातेदारांचा पैसा रोज ये-जा करतो, त्या दाराचा रखवालदार कोणाच्या हुकमावरून कोणाला सोडतो, याचा मात्र कुठे चिटोराही नाही.

रखवालदाराची यादी वरून खाली वाचली जाते. पहिला लागू पडणारा नियम सापडला की पुढचे तो वाचत नाही. एखाद्या दिवशी काम अडते, आणि घाईतला कोणीतरी सर्वांत वर नियम टाकतो : ‘सर्वांना सर्वत्र जाऊ द्यावे.’ तात्पुरता, म्हणे! खालचे चाळीस नियम त्या क्षणापासून शोभेचे. आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टींना मरण नसते, हे मी सांगायला नको.

‘आमच्याकडे कोण येतंय चोरायला?’ असे म्हणणाऱ्यांनी बांगलादेश बँकेकडे पाहावे. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेचे ८.१ कोटी डॉलर न्यूयॉर्कच्या खात्यातून चोरीला गेले. फायरवॉल नव्हती आणि जोडणीला दहा-दहा डॉलरचे जुने स्विच वापरले होते, असे त्यांच्याच पोलीस तपासातून त्या वर्षी बाहेर आले. आणखी दोन कोटी डॉलर श्रीलंकेला निघाले होते, ते चोरांनी ‘फाउंडेशन’ शब्दाचे स्पेलिंग चुकवल्यामुळे अडकले. फायरवॉलचे काम शुद्धलेखनाने केले! त्याच वर्षी ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने जगभरचे राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले. त्याची सगळी विद्या कारखान्यातून आलेल्या साठएक पासवर्डांची. नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन, या जातीचे. असे पासवर्ड बदला, हे रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना २०१८ सालीच बजावले आहे. परिपत्रक आमच्याकडे आहे. फाइल केलेले आहे.

‘सगळे लिहून ठेवले तर चोराच्याच हाती लागेल’ असा एक शहाणा आक्षेप घेतला जातो. अहो, किल्ली आपण भिंतीवर टांगत नाही; पण किल्ली कोणाकडे आहे ते वहीत लिहितो. पासवर्ड लाखबंद पाकिटात तिजोरीत ठेवा. वहीत फक्त एवढे लिहा : नियम कोणता, कोणी मागितला, कोणी मंजूर केला, कोणत्या तारखेपर्यंत. तारीख उलटली की नियम काढा. आणि प्रत्येक शाखेत एका तरी माणसाला तार, दिवा आणि पत्ता एवढे तपासायला शिकवा. बी.कॉम. चालेल.

वहीत शेवटचा रकाना ‘बिघाडाचे कारण’ असा असावा, आणि त्याखाली बारीक अक्षरात छापावे : ‘बंद करून चालू केले’ हे कारण धरले जाणार नाही. सही करणाऱ्याने पूर्ण नाव लिहावे.