शमुवेल : एका नांवाचा विचार



दहावीच्या परीक्षेचीं आवेदनपत्रें भरण्याच्या दिवसांत शमुवेल नांवाच्या एका विद्यार्थ्यानें मला विचारलें कीं, आपलें नांव इंग्रजी आहे, तें बदलून एखादें आपल्याकडचें घ्यावें काय? प्रश्न प्रामाणिक होता. म्हणून उत्तरही विचारपूर्वक देणें भाग आहे.

हें नांव इंग्रजी नव्हे, इब्री आहे. पवित्र शास्त्रांत त्याची कथा अशी : हन्ना नांवाची निपुत्रिक स्त्री शिलो येथील मंदिरांत रडून पुत्र मागते, पुत्र होतो, आणि त्याला परमेश्वरापाशीं मागून घेतलें म्हणून ती त्याचें नांव शमुवेल ठेविते. व्युत्पत्ति पाहणारे मात्र म्हणतात कीं, इब्रीमध्यें 'शेम' म्हणजे नांव व 'एल' म्हणजे देव. तेव्हां 'देवाचें नांव' हा अर्थ अधिक जुळतो, आणि 'मागणें' या धातूशीं तर शौल हें नांव जवळचें आहे. माझ्या मतें या दोहोंत विरोध मानूं नये. पंडित शब्द फोडून पाहतो. माता त्यांत आपली कृतज्ञता भरते. नवसानें झालेल्या मुलाचें नांव तुळजाराम ठेवणाऱ्या आमच्या जिल्ह्यांतील आईला हें समजावून सांगावें लागणार नाहीं.

शिवाय मराठीला हें नांव परकें कोठें आहे? कोंकणांतील बेने इस्राएल लोकांनीं शमुवेलाचें सामाजी केलें, अब्राहामाचें आबाजी, इसहाकाचें इसाजी. मुंबईतील त्यांचें पहिलें सभास्थान १७९६ सालीं बांधणारे कंपनी सरकारच्या फौजेंतील अंमलदार सामाजी हसाजी दिवेकर हे इंग्रजी लेखांत सॅम्युएल इझीकिएल म्हणून आढळतात. अर्थात् इंग्रजी शाळेची पायरी चढण्यापूर्वींच हें नांव मराठी तोंडांत रुळलें होतें, आणि त्याला 'जी' लावून आदरानें हांक मारण्यांत येत होती.

सन २०२३ मध्यें आपल्या जिल्ह्याचें नांव धाराशिव झालें, तेव्हां नांवाशीं माणसाचें मन किती जडलेलें असतें, हें आपण पाहिलेंच आहे. नांव ठेवणें वा बदलणें हा ज्याचा त्याचा अधिकार होय. परंतु अर्थ न जाणतां, केवळ चारचौघांच्या लाजेस्तव तें टाकणें मला योग्य वाटत नाहीं.

म्हणून मी त्या मुलाला इतकेंच सांगितलें : आधीं घरीं जा आणि हें नांव कां ठेविलें, तें आईला विचार. आवेदनपत्रांतील नांवाची जागा तोंवर कोरी राहील.