बंबाच्या जागी गॅसचा गिझर

दिवाळीच्या सुमारास दुकानांतून गिझर मांडले जातात आणि तांब्याचा बंब काढायचा विषय घरोघरी निघतो. लाकडं महाग, ढलप्या मिळत नाहीत, रोज राख काढायला कोणाला सवड नाही. विजेचा घ्यावा, तर नेमकी सकाळी वीज गेलेली. मग सगळ्यांचं मत पडतं गॅसच्या गिझरवर. जागाही ठरलेलीच असते. बंब होता तिथेच, न्हाणीघराच्या कोपऱ्यात. भिंतीला धुराड्याचं भोक आहेच की!

मैत्रिणींनो, घोळ होतो तो इथेच. बंब पेटायचा ते न्हाणीघर बहुधा परसदारी, वर कौलं, दाराखाली चार बोटं फट. आता तीच खोली टाइल्स लावून, काचेची खिडकी बसवून घट्ट केलेली असते. शिवाय बंबाचा धूर कोंडला तर डोळे चुरचुरायचे, माणूस खोकत बाहेर यायचं. "याला धूर नाही हो!" म्हणून सासूबाई गिझरवर खूष असतात, पण धूर नाही म्हणून कळतही नाही. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. सिलिंडर गळला की जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. जळून निघालेल्या या वायूला तो नसतो.

थोडा हिशेब मांडू या. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा साधा गिझर चालू असताना स्वयंपाकघरातल्या पाच-सहा बर्नरइतका गॅस जाळतो. तासाला साधारण ९०० ग्रॅम. तेवढ्याला ११ घनमीटर तरी हवा लागते. आणि ५ फूट बाय ७ फुटांच्या न्हाणीघरात, छत ८ फुटांवर असेल, तर सगळी मिळून हवा ८ घनमीटरच! दार-खिडकी लावून दहा मिनिटं गिझर चालला, तर आतल्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा संपायला आला. एकामागून एक तिघांच्या अंघोळी झाल्यावर चौथ्याची पाळी कशी, ते तुम्हीच पाहा.

तेव्हा दुकानात जाण्याआधी घरात बघा. गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मागच्या गॅलरीत किंवा धुण्याच्या उघड्या जागेत बसवता येईल का? येत असेल तर दुसरा विचारच नको. फक्त गरम पाण्याचा नळ आत घ्यायचा. वारा-पाऊस थेट लागू नये म्हणून वर पत्रा मारून घ्या, पण चारी बाजूंनी खोकं करू नका. सिलिंडरही बाहेरच, उभा ठेवायचा. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली मोरीत उतरून बसतो.

बाहेर जागाच नसेल आणि न्हाणीघर बंदिस्त असेल, तर गॅसचा नाद सोडून विजेचाच घ्या, असं मी स्पष्ट सांगेन. १५ लिटरच्या, २ किलोवॅटच्या टाकीला वीसेक मिनिटं लागतात, पाऊण युनिटही जळत नाही. वीज जायच्या आधी तापवून ठेवलं की झालं. त्याला अर्थिंग मात्र चोख हवं. बंबाच्या भोकात गिझरची नळी कशीतरी कोंबून देणारे मिस्त्री भेटतील. त्यांचं ऐकू नका. ते भोक त्या बंबापुरतं होतं. आणि धुराडं असलेल्या खोलीत एक्झॉस्ट पंखा लावला, तर तो बाहेर जाणारा वायू उलटा आत ओढू शकतो.

बाहेर बसवायचं ठरलं, की पाण्याचा जोर पाहा. २० लिटरची बादली नळाखाली लावा. साडेतीन-चार मिनिटांत भरली तर ठीक. दहा मिनिटं लागत असतील, तर गिझर पेटेलच असं नाही. टाकी जेमतेम डोक्यावर असलेल्या वरच्या मजल्यांवर हे फार होतं. विकत घेताना आयएसआय चिन्ह आणि आयएस १५५५८ हा आकडा पाहून घ्या. ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होतो ना, तेही दुकानदाराला पेटवून दाखवायला लावा. लाजू नका, पैसे आपले आहेत! बोअरचं पाणी असेल तर आत क्षार धरतो, वर्षातून एकदा साफ करून घ्यावा लागतो. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा काजळी धरली, तर त्या दिवसापासून वापर बंद.

ज्यांच्याकडे आधीच आत बसवलेला आहे, त्यांनी तो बाहेर काढेपर्यंत बादल्या भरून घ्याव्या, गिझर बंद करावा, दार थोडा वेळ उघडं ठेवावं आणि मगच अंघोळीला जावं. आत डोकं जड झालं, मळमळलं, पाय लटके पडले, की तसंच टॉवेल गुंडाळून बाहेर यायचं. घरातल्यांनाही सांगून ठेवा. हाकेला ओ आली नाही तर दार फोडा, गॅस बंद करा, माणसाला उघड्या हवेत आणा आणि तडक दवाखान्यात न्या. शुद्धीवर आलं म्हणून घरी झोपवू नका.

राहता राहिला बंब. मोडीत घालायची घाई नको. लग्नकार्यात परसात पेटवायला त्याच्यासारखं काही नाही.