स्थानकापाशी सुरू होणारी वाट

पदभ्रमणाची आखणी करताना आयोजक लांबी, चढउतार, पाणी आणि मुक्काम यांचा काटेकोर विचार करतात; चालणारा वाटेच्या तोंडाशी कसा पोहोचणार आणि दुसऱ्या टोकाहून घरी कसा परतणार, हा प्रश्न मात्र बहुधा भाड्याच्या गाडीवर सोपवला जातो. ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्समध्ये या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच ठिकाणी आगगाडीने दिलेले आहे.

५ मे २०१२ रोजी खुला झालेला वेल्स किनारा मार्ग चेपस्टोपासून निघून चेस्टर शहराजवळच्या सरहद्दीपर्यंत सुमारे ८७० मैल, म्हणजे १,४०० किलोमीटर, जातो. त्याच्या लांबीचेच कौतुक सर्वत्र होते. परंतु तो सलग चालणारे थोडेच, आणि इतरांच्या दृष्टीने त्याचे खरे मोल एका दिवसात पुऱ्या होणाऱ्या टप्प्यांत आहे. मोटारीने आलेल्याला निघाल्या जागी परतावेच लागते, त्यामुळे तो वर्तुळाकार वाट शोधतो किंवा तीच वाट दोनदा तुडवतो. आगगाडीने आलेला या जाचातून सुटतो. अबेरिस्टविथहून गाडीने बोर्थला जाऊन कड्यांवरून चालत परतणे हा त्याचा उत्तम दाखला होय. अंतर दहा किलोमीटरच्या आसपासच आहे, पण वाट पुन्हा पुन्हा किनाऱ्यालगत उतरून वर चढत असल्याने दमछाक नकाशावरील आकड्यापेक्षा अधिक होते. बोर्थच्या पुळणीवर ओहोटी पुरेशी असेल तर हजारो वर्षांपूर्वी बुडालेल्या अरण्याचे बुंधे वाळूतून डोकावतात, आणि समुद्राने गिळलेल्या राज्याची वेल्श दंतकथा त्यांच्याशीच जोडली जाते. येथे गाडी आधी आणि चाल नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण मग चालणाऱ्याच्या डोक्यावर परतीच्या गाडीची टांगती तलवार राहत नाही.

उत्तरेकडे पुल्हेलीपर्यंत जाणारी कंब्रियन लोहमार्गाची किनारी शाखा याहून बोधप्रद आहे. मौदाख नदीच्या मुखावरील, १८६७ मध्ये खुला झालेला तिचा लांबलचक पूल मुख्यतः लाकडी असून रुळांच्या कडेने पादचाऱ्यांसाठी वाट आहे. १९८० मध्ये लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यांमुळे तो गाड्यांसाठी बंद ठेवावा लागला होता, आणि अलीकडेच त्याची मोठी दुरुस्ती झाली. नदीच्या दक्षिण तीरावरून डोल्गेल्लायकडे जाणारी पायवाट तर १९६५ मध्ये बंद पडलेल्या लोहमार्गाच्याच भरावावर आहे, म्हणजे एक लोहमार्ग चालणाऱ्याला आणून सोडतो आणि दुसरा स्वतःच वाट होऊन पुढे नेतो. या शाखेवरील काही स्थानके ‘विनंती थांबे’ आहेत: उतरायचे असल्यास गाडीतील कर्मचाऱ्याला आधी सांगावे लागते, चढायचे असल्यास फलाटावरून चालकाला हात दाखवावा लागतो. एसटीला हात दाखवण्याची सवय असलेल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. मात्र दोन गाड्यांमध्ये दोनेक तासांचे अंतर असताना हात न दाखवण्याची चूक महागात पडते.

गाडीतून उतरल्यावर पाय ठेवायला जागा मिळते ती ‘सार्वजनिक वाटहक्का’मुळे. १९४९ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधील स्थानिक प्रशासनांना अशा वाटा अधिकृत नकाशांवर नोंदवणे भाग पाडले. नोंदलेली वाट खासगी शेतातून गेली तरी तिच्यावरून चालण्याचा हक्क कोणालाही असतो आणि ती मोकळी ठेवणे हे प्रशासनाचे कायदेशीर कर्तव्य असते. आपल्याकडील वहिवाट ही कल्पना वरवर सारखी भासली, तरी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून मिळणारा रस्ता त्या शेतात जाऊ पाहणाऱ्या शेतकऱ्यासाठी असतो, वाटसरूसाठी नव्हे. अर्थात किनारा मार्गाचे काही तुकडे अशा हक्कावर नव्हे, तर जमीनमालकाच्या संमतीवर टिकून आहेत.

आखणीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे उदाहरण किनाऱ्यावर नसून अंतर्भागात आहे. क्रेव्हन आर्म्स ते लानेली हा १४१ मैलांचा मार्ग २०१९ मध्ये खुला झाला, तो ‘हार्ट ऑफ वेल्स’ या ग्रामीण लोहमार्गाच्या स्थानकांना गुंफत; टप्पा कोठे संपावा हे त्यात स्थानकांनी ठरवले. त्या लोहमार्गावर दिवसाला मोजक्याच गाड्या धावतात, तेव्हा चालीचा वेग वेळापत्रकाला जुळवून घ्यावा लागतो. तरीही नंतर जोडलेल्या सोयीपेक्षा आरंभापासून मनात धरलेले स्थानक अधिक उपयोगी ठरते, असेच म्हणावे लागेल. याची उलट बाजू अबेरिस्टविथच्या दक्षिणेला दिसते. तेथून कार्मार्थनला जाणारी प्रवासी वाहतूक १९६५ मध्ये थांबली, आणि फिशगार्डपर्यंतच्या किनाऱ्यावर आज चालणाऱ्याची सारी भिस्त बसवर आहे.

मुंबईकडील आयोजकांना आगगाडीने पायथा गाठण्याची रीत नवी नाही. कर्जत, नेरळ, कसारा ही नावे तिच्यामुळेच गिरिप्रेमींच्या तोंडी आहेत. मात्र स्थानकाच्या दारापासून वाटेच्या आरंभापर्यंतचा भाग त्यांच्या माहितीपत्रकांत बहुधा ‘तेथून रिक्षा’ एवढ्यावरच आटोपतो. येत्या हंगामापूर्वी वाचकांनी आपापल्या नेहमीच्या एका मार्गाचा हा भाग पायी चालून, अंतर, वेळ आणि परतीची शेवटची गाडी यांच्या नोंदींसह त्याची टिपणे संपादकांकडे पाठवावीत.