मुके कोणी केले?

‘आमच्या मुलांना इंग्रजी बोलता येत नाही’ हे कर्जत-खालापूरच्या शिक्षककक्षांतले आवडते रडगाणे. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले २००० साली. त्याला पाव शतक उलटले. तरी दहावीतला मुलगा वर्गात मुका, आणि खापर फुटते त्याच्या घरावर!

त्याला मुके केले कोणी? ठाकर वा कातकरी वाडीवरचे मूल शाळेत पहिल्यांदा बोलते, तेव्हा त्याची बोली ‘अशुद्ध’ ठरते ती मराठीच्याच तासाला. स्वभाषेत ज्याचे तोंड मिटवले, त्याने ते परभाषेत उघडावे ही अपेक्षा भाबडी नव्हे, उद्दाम आहे. म्हणून हा प्रश्न मराठीच्या अध्यापकांनी इंग्रजीवाल्यांकडे ढकलू नये.

तोंडी परीक्षेसाठी पाठ उत्तरे वदवून घेणे म्हणजे बोलायला शिकवणे नव्हे. शिक्षकाला ठाऊक नाही आणि मुलाला ठाऊक आहे, असे काही त्याला विचारावे : भाताची लावणी, पावसाळी रानभाज्या, माथेरानच्या पायवाटा. उत्तर मोडक्या इंग्रजीत येईल, मध्येच बोलीतला शब्द डोकावेल. डोकावू द्यावा. चुकलेले वाक्य मागाहून दुरुस्त करता येते. उच्चारलेच नाही ते कसे करणार?