पडद्यावरचा अनुस्वार

गणेशोत्सव, कोजागिरी, संक्रांतीचे हळदीकुंकू, मुलांचे स्नेहसंमेलन. आपल्या मंडळांचा एकही कार्यक्रम आता चित्रफितीवाचून पार पडत नाही. फीत बहुधा घरचीच मुले तयार करतात आणि तीतील दृश्ये सुरेखही असतात. बिघडतात ती अक्षरे. आरंभीची नामावली, मधली गाण्याची पदे, शेवटचे आभार हे सारे संगणकावर अगदी स्वच्छ दिसत असते. फाइल एक्सपोर्ट होऊन घरोघरच्या मोबाइलवर पोहोचली की अक्षरांच्या कडेला मुंग्या लागल्यासारख्या दिसतात, शिरोरेषा फिकी पडते, आणि अनुस्वार तर कित्येकदा नाहीसाच होतो.

एक टिंब गेले तर काय मोठे बिघडले, असे कोणी म्हणेल. पण मराठीत आदर पुष्कळदा त्या टिंबावरच उभा असतो. ‘दादासाहेबांच्या स्मरणार्थ’ यातील अनुस्वार पुसला की ‘दादासाहेबाच्या’ एवढेच उरते, आणि ज्यांच्या नावे देणगी आली त्यांचा घरच्या माणसांदेखत एकेरी उल्लेख होतो. पुण्याचा वाचक पुसलेले अक्षर अंदाजाने भरून काढील, कारण दिवसभर तो मराठीच वाचत असतो. बडोद्याचे आपले मूल शाळेत गुजराती वाचते, आणि त्या लिपीला शिरोरेषाच नाही. हैदराबादेत तेलुगू, बेळगावकडे कित्येकांच्या वाट्यास कन्नड. इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलांना हिंदीमुळे देवनागरी सवयीची खरी, पण ‘ळ’ त्यांना तेथे भेटत नाही. अशा मुलांची मराठी अक्षरांशी ओळख पुष्कळ वेळा पडद्यावरच्या गाण्याखाली होते. तेथे अंदाजाला जागा ठेवून कसे चालेल?

हा बिघाड होतो कसा, ते आधी पाहू. पूर्ण एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल असतात, म्हणजे वीस लाखांहून अधिक. प्रत्येकास २४ बिट आणि सेकंदास २५ फ्रेम धरल्या तर दर सेकंदास सुमारे १२४ कोटी बिट होतात. याच आकाराच्या फितीसाठी यूट्यूबची शिफारस आहे सेकंदास ८ मेगाबिटची, म्हणजे ८० लाखांची. दीडशे भागांतला एक भाग ठेवून बाकीचा टाकावयाचा, आणि तरी प्रेक्षकास ते कळू द्यावयाचे नाही, अशी ही कसरत आहे.

या कसरतीच्या मुळाशी बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद यांचे गणित आहे. टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांनी ते १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केले. चित्राचे लहान चौकोन पाडावयाचे, प्रत्येक चौकोन मंद आणि तीव्र लहरींची बेरीज म्हणून मांडावयाचा, आणि डोळ्यांस फारशा न जाणवणाऱ्या तीव्र लहरींना कात्री लावावयाची. १९९२ची जेपीईजी पद्धती आणि २००३ची एच.२६४ ही दोन्ही याच घराण्यातली. आकाश, गाल, साडीचा पोत यांना ही कात्री सोसते. अक्षराची कड मात्र काळ्यातून पांढऱ्यात एकदम उडी घेते. ती सगळी तीव्र लहरींचीच बनलेली. त्या लहरी कापल्या की कडेभोवती तरंग उमटतात. वर सांगितलेल्या मुंग्या त्याच.

दुसरी काटकसर रंगाची. माणसाचा डोळा उजेडातला फरक बारकाईने टिपतो, रंगातला तितका नाही. म्हणून नेहमीच्या एच.२६४ फितीत उजेड प्रत्येक पिक्सेलचा ठेवतात, रंग मात्र चार पिक्सेलांत मिळून एकच. याला ४:२:० असे म्हणतात. गडद जांभळ्या शेल्याच्या पार्श्वभूमीवर कुंकवासारखी लाल अक्षरे आपल्याकडे फार हौसेने घालतात. या दोन रंगांत उजेडाचा फरक थोडा आणि रंगाचाच अधिक, त्यामुळे अक्षराची सारी कड त्या निम्म्या तपशिलावर विसंबते आणि फिसकटते. पांढरे किंवा फिके पिवळे अक्षर, त्याला दोन-तीन पिक्सेलांची काळी किनार, आणि मागे शांत गडद रंग, एवढे केले तरी निम्मे दुखणे एक्सपोर्टच्या आधीच बरे होते. ४:४:४ हा पूर्ण रंगाचा पर्यायही काही प्रोग्रॅममध्ये असतो, परंतु तशी एच.२६४ फीत पुष्कळ मोबाइल आणि दूरचित्रवाणी संच चालवीतच नाहीत. वाटण्याच्या प्रतीसाठी तो निवडू नये.

आता एक्सपोर्टची खिडकी. प्रकल्प ज्या आकाराचा तोच आकार बाहेर काढताना ठेवावा. १०८०चे ७२० केले की शिरोरेषा दोन ओळींच्या मध्येच कोठेतरी पडते आणि राखाडी होते. बिटरेट यूट्यूबच्या शिफारशीवर न थांबता १६ मेगाबिटपर्यंत न्यावा. दहा मिनिटांची फीत मग १.२ गिगाबाइटच्या आसपास जाईल, जाऊ द्यावी. काही प्रोग्रॅम बिटरेटऐवजी सीआरएफ नावाचा गुणवत्तेचा आकडा मागतात. तेथे आकडा जितका लहान तितकी फीत चांगली. २३ हा नेहमीचा, अक्षरे असतील तेथे १७ किंवा १८ द्यावा. मंडळाचे बोधचिन्ह जेपीईजीत न घेता पीएनजीत घ्यावे, म्हणजे त्याच्या भोवतीचे धुके आत शिरत नाही.

नावांवर पुष्पवृष्टी करण्याची आपल्याकडे जी चाल पडली आहे, तिच्याविषयी मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. प्रत्येक पाकळी दर फ्रेमला जागा बदलते, आणि ठरलेल्या बिटांतला मोठा वाटा ती खाऊन टाकते. नावांना उरते ते उष्टे. तीच नावे स्थिर पटावर मांडली तर तेवढ्याच बिटरेटमध्ये ती कोरल्यासारखी उठतील. झगमगत्या चमचम्यांचेही तेच. आदर करावयाचा तर फुले आधी उधळून घ्यावीत आणि ती खाली बसल्यावर नावे आणावीत.

‘इंटरलेस्ड’ आणि ‘प्रोग्रेसिव्ह’ यांतून नेहमी दुसरा पर्याय घ्यावा. ६२५ ओळींच्या जुन्या दूरचित्रवाणीत आधी विषम आणि मग सम ओळी रेखाटल्या जात. एकाच ओळीत बसणारी बारीक आडवी रेघ अशा वेळी एका फेरीस दिसे आणि पुढच्या फेरीस नसे, म्हणून ती लुकलुके. आपली तर सारी लिपीच आडव्या रेघेला टांगलेली.

खालून वर सरकणारी नावे थरथरत असतील तर त्यांचा वेग पाहावा. दर फ्रेमला पूर्ण पिक्सेलच सरकले पाहिजेत, साडेतीन नव्हेत. चार ठेवल्यास सेकंदास २५ फ्रेमच्या फितीत एखादे नाव पडदा ओलांडावयास सुमारे ११ सेकंद घेते. आजींना वाचावयास तेवढे पुरतात.

अक्षराचा आकार १०८०च्या चित्रात ६० पिक्सेलांहून लहान नसावा, आणि टाइप फार सडपातळ नसावा. ६० पिक्सेलांच्या अक्षरावरचा अनुस्वार ४८० ओळींच्या लहान प्रतीत जेमतेम तीन पिक्सेलांचा राहतो. त्याखाली गेला तर त्याला वाचविणारी कोणतीही सेटिंग नाही.

राहता राहिला वाटपाचा प्रश्न. व्हॉट्सॲपवर फीत नेहमीप्रमाणे पाठविली की तिचे पुन्हा एकदा कापकाम होते. तीच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविली तर जशीच्या तशी पोहोचते; २०२२पासून तेथे २ गिगाबाइटपर्यंतची फाइल जाते. मूळ प्रत प्रोरेससारख्या उंची कोडेकमध्ये मंडळाच्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि दरवर्षीच्या प्रती तिच्यावरूनच काढाव्यात, प्रतीवरून प्रत काढू नये. वाटण्यापूर्वी फीत एखाद्या साध्या, जुन्या मोबाइलवर लावावी आणि नामावलीशी थांबवून सारे अनुस्वार मोजावेत. यादीत जितके असतील तितके पडद्यावर भरले पाहिजेत.

जुन्या व्हीएचएस फिती संगणकावर कशा उतरवाव्यात, हे पुढील अंकी.